पाचशे काडतुसं

पाचशे काडतुसं मी एका दुपारीत नासवली. आखातातल्या अल ऐनच्या नेमबाजी क्लबात, नव्वदच्या दशकात, नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात.

झाडलेली पितळी टरफलं पुन्हा भरायचं काम तिथे संगमेश्वरकडचे एक काका करत. मी त्यांच्या हाताखाली. टरफलात गोळी बसली की त्याचं तोंड प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, किंचित आवळायचं. काका म्हणत, "हात धरायचा, गळा नाय." मग काडतुसावरून अंगठ्याचं नख फिरवून बघत. डोळ्यांपेक्षा त्यांचा नखावर जास्त भरवसा.

त्या दुपारी ते विमानाचं तिकीट आणायला गेले. लेकीचा साखरपुडा होता; दोन वर्षांनी घरी निघाले होते. मी एकटा. आता तुम्हीच सांगा, घट्ट ते चांगलं, असं कुणालाही वाटणार नाही का? मी प्रेसचा स्क्रू खाली घेतला आणि सगळा माल दणकून आवळला.

गोळीवरचा तांब्याचा मुलामा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. तो कापला गेला. संध्याकाळी नमुन्याला झाडून पाहिली, तर गोळ्या हवेतच कोलमडत गेल्या; निशाण्याच्या कागदावर गोल भोकांऐवजी लांबट भोकं. काकांनी एक काडतूस उघडून गोळीला नख लावलं. "गळा दाबलास रे."

मॅनेजर आला. "ये कौन किया?"

मी तोंड उघडेपर्यंत काका म्हणाले, "मैं किया, साब."

"शुक्रवार को मॅच है. पहले सब खोलो, फिर से भरो. छुट्टी बाद में."

हातोडीसारख्या हत्यारात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटते. एकेक करून पाचशे. मनगटं भरून आली. "मी खरं सांगून येतो," म्हटलं, तर काका म्हणाले, "तुझ्या व्हिसाची शाई अजून ओली हाय. गप ठोक."

विमान गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हात थांबवून घड्याळ पाहिलं. "आता अंगठी घातली असंल." मग म्हणाले, "यल्ला, चल, पुढचं दे."

पुढे लग्नाला गेले, ते परत आलेच नाहीत. थकले होते.

बऱ्याच वर्षांनी मी सुट्टीत त्यांचं घर शोधत गेलो. काका आदल्या वर्षीच वारले होते. लेकीने पाणी आणलं. अल ऐनहून आलो म्हटल्यावर तिने आधी माझे हात पाहिले.

"पाचशेवाले तुम्हीच काय? बाबा म्हणायचे, पोरगा वाईट नाय, पण हाताला अक्कल नाय." तिने पाणी पुढे केलं. "काचेचा ग्लास आहे. बेतानं धरा."