काकांचं सेलेनियम

कॅन्सरला इतका घाबरणारा आणि तरीही उठता-बसता त्याला धमक्या देणारा माणूस नोएडाच्या सगळ्या सेक्टरांत मिळून एकच होता, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणत असू. माणूस मूळचा साताऱ्याकडचा, पण उभी हयात दिल्लीच्या एका मंत्रालयात फायली हलवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर मंत्रालय सुटलं, फाइल काही सुटली नाही. दूधवाल्याची एक, गुडघ्याची एक, आमच्या कुकरच्या शिट्ट्यांचीसुद्धा एक. सगळ्यांत जाडजूड मात्र सेलेनियमची.

या खनिजाने कॅन्सर दूर राहतो असं त्यांनी कुठल्याशा पेपरात वाचलं. झालं! कात्रण फाइलीला लागलं आणि त्यावर हिरव्या शाईत 'तातडीने कार्यवाही' असा शेरा पडला. हिरवी शाई साहेबलोकांची, नोकरीत ती कधी वाट्याला आली नव्हती, ती हौस बिचाऱ्यांनी इथे भागवून घेतली. तेव्हा आमच्याकडे उठून-सुटून नवा मॉल उघडत होता आणि तिथल्या चकाचक दुकानांत परदेशी बाटल्या रांगेने उभ्या असत. काका त्या डझनाने आणत. स्वतः घेत, काकूंना देत, आणि जिन्यात जो भेटेल त्याच्या तळहातावर एक कॅप्सूल ठेवत. सोसायटीच्या गणपतीत तर आरती झाली की मोदकाबरोबर गोळी! लोक भक्तिभावाने ती कपाळाला लावून गिळत. माझ्या बायकोला तर अख्खी बाटलीच मिळाली होती, तीही रोज इमानाने घ्यायची. मी म्हणायचो, "काका, डॉक्टरांना तरी विचारा." त्यावर उत्तर ठरलेलं, "अहो, डॉक्टर हे रोग झाल्यानंतरचं डिपार्टमेंट. आपलं प्रिव्हेन्शन!"

चातुर्मासात त्यांच्या घरी कांदा-लसूण बंद. काकू त्या बाबतीत भारी कडक. आणि त्या वर्षी, भर चातुर्मासात, काकांच्या तोंडाला लसणाचा वास यायला लागला! "ढाब्यावर जाता ना चोरून? खरं सांगा!" काका गणपतीची शपथ घ्यायला तोंड उघडत, की वास आणखीच पसरे. काकूंनी आठवडाभर अबोला धरला. त्यातच काकांचे उरलेसुरले केस गळू लागले, नखं तुटू लागली, तेव्हा काकू घाबरल्या आणि त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या. मला बरोबर नेलं ते पंच म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली. "अंकल, दिन में कितनी लेते हैं?"

"चार. एक से फायदा, तो चार से चौगुना."

बाईंनी कपाळावर हात मारला. तो लसणाचा वास सेलेनियम अती झाल्याचाच होता. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की कॅन्सर टळावा म्हणून हजारो लोकांना या गोळ्या देऊन पाहिल्या आहेत, उपयोग काही दिसला नाही. तेव्हा हे बंद करा, आणि कुणाला कुठे गाठ जाणवली तर गोळ्या खात बसू नका, दाखवायला आणा. बाहेर आल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे लसूण नव्हता खाल्ला तर!"

त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन काका घरोघर गोळ्या परत मागत फिरले. आमच्या दारात आले तेव्हा बायको बाटली देताना चाचरत म्हणाली, "काका, मला दोन महिने झाले, छातीत एक गाठ लागतेय. म्हटलं, गोळी चालूच आहे..."

मला ती बोलली होती. मी म्हणालो होतो, ऑडिट आटोपू दे, मग जाऊ. आजही ते लिहिताना लाज वाटते.

काका पिशवी खाली ठेवून सोफ्यावर बसले. "माझ्या ताईनेही मला असंच सांगितलं होतं. तेव्हा आम्ही दिल्लीत, मुनिरक्यात भाड्याने राहायचो. संसदेचं अधिवेशन चालू होतं. मी म्हणालो, रजा मिळत नाहीये, अधिवेशन संपू दे. खोटं बोललो हो मी. रजेचा अर्जच केला नव्हता. नंतर नेलं, पण फार उशीर झाला होता." मग माझ्याकडे वळून ते जवळजवळ ओरडलेच, "उद्या सकाळी निघायचं. तुम्ही येत नसाल तर मी नेतो हिला!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. चार दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ साधी होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. काकांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटले, "मिळाली असती गं ताई, अर्ज केला असता तर रजा मिळाली असती."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. बायकोची तपासणी दर वर्षी असते. माझा रजेचा अर्ज आठवडाभर आधीच गेलेला असतो.