भाडं न भरलेला माणूस

दिपेश घरत माझ्या डोळ्यांत सलायचा. आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी म्हणायला नको की धनाजीनं लपवलं. त्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. पोरगा हसतमुख, हात सढळ. पण चोवीस वर्षांचा होईपर्यंत त्यानं आयुष्यात एकदाही खोलीचं भाडं भरलं नव्हतं, आणि मी एकोणिसाव्या वर्षी साताऱ्याकडून आलो तेव्हापासून भरतच होतो. तुर्भ्यात दोन खोल्या बदलल्या, कोपरखैरण्यात तीन, आणि मग नावड्याला गोटीरामशेठच्या चाळीत पाच नंबरची खोली. हे गोटीरामशेठ म्हणजे दिपेशचे वडील. जमीन सरकारनं घेतली, तिच्या मोबदल्यातून त्यांनी आठ खोल्या बांधल्या आणि आमच्यासारखे लोक त्यात भरले.

तळोज्याला एकाच फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आम्ही दोघं वेल्डर. एकच शिफ्ट, पगारही जवळजवळ तोच, अठ्ठावीसशे. माझ्या अठ्ठावीसशेतून साडेचारशे भाडं, मग लाइट, रॉकेल, दोन पोरांची शाळा, गावाकडं म्हाताऱ्या बापाला मनिऑर्डर. त्याच्या अठ्ठावीसशेला कुठं जायची वाटच नव्हती. मोटरसायकलचं पेट्रोल आणि रविवारची कोलंबी, संपलं. घरी आई, विमलबाई, ताट वाढून बसलेली. वर हा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्याच दारात भाडं गोळा करायला यायचा. दिवसभर ज्याच्या शेजारी ठिणग्या खायच्या त्याच्याच हातात आपले पैसे ठेवायचे. अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता.

मी काही गप्प बसणारा माणूस नव्हे. कॅन्टीनमध्ये चारचौघांत त्याला टोचायचो. काय रे बाबा, तुझं बरंय, आयत्या बिळावर नागोबा. बापाची चाळ, आईची भाकर, पगार म्हणजे खाऊला पैसे. सगळे हसायचे, तोही हसायचा आणि डब्यातली खेकड्याची नांगी माझ्या ताटात टाकायचा. त्या नांगीनं तर मला आणखीच राग यायचा. पण बोलणं त्याला लागत होतं हे मला उशिरा कळलं. मागं एकदा तो माझ्या बायकोला, राजेश्वरीला, म्हणाला होता की वहिनी, एकदा स्वतःच्या कमाईचं काहीतरी उभं करून दाखवायचंय, एक टेम्पो का होईना.

शहाण्णव साली एजंटचा माणूस कारखान्याच्या गेटवर आला. शारजाला दोन वेल्डर पाहिजेत, दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, महिना बाराशे दिरहम. आम्ही दोघांनीही पाइप वेल्डिंगची टेस्ट दिली आणि दोघंही पास झालो. खरं सांगायचं तर माझा जोड त्याच्यापेक्षा साफ होता, तपासणाऱ्यानं तो चारजणांना दाखवला. त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतो. पहिल्यांदाच आयुष्यात दिपेश आणि मी एका रांगेत उभे होतो, आणि मी पुढं होतो.

मग मी एजंटला विचारलं, राहायची खोली कुणाची? जेवण कुणाचं? तो म्हणाला, तुमचं तुमी बघायचं. म्हटलं, तिथं खोलीला काय पडतं? तो वैतागला. म्हणाला, कमवायला चाललाय का राहायला?

आमच्याकडचा कृष्णात पाच वर्षं शारजाला काढून आला होता आणि सुट्टीवर कोपरखैरण्याला उतरला होता. मी त्याला गाठलं. त्यानं बोटावर मोजून दाखवलं. खोली विसर, आठ जणांत एक कॉट मिळते, तिचे तीनशे. मेसचे तीनशे. बसचे शंभर. व्हिसाच्या नावानं कंपनी पहिल्या वर्षी दीडशे कापते. साबण, गोळी, घरी फोन, शंभर कुठं गेले कळत नाही. उरले अडीचशे, म्हणजे आपले चोवीसशेसुद्धा नाहीत. आणि एजंटचे चाळीस हजार आधी मोजायचे. कृष्णातला कंपनीनं खोली आणि जेवण दिलं होतं म्हणून त्याचं भागलं. तो म्हणाला, "पगार विचारू नकोस. तिथं जगायला किती लागतं ते विचार."

रविवारभर राजेश्वरी आणि मी तेच घोळत बसलो. इथं अठ्ठावीसशेत घर चालत होतं, तिथून चोवीसशे आल्यावर पोरांनी काय खायचं? सोमवारी मी एजंटला नाही म्हणून कळवलं. शहाणपणा केला, सगळं खरं. पण त्या शहाणपणानं पोटात जी आग लागली ती विझेना. दात होते माझ्याकडं, चणे दुसऱ्यालाच मिळणार होते. कारण दिपेशनं होकार दिला होता. त्यानं बाराशे दिरहमला साडेनऊ रुपयांनी गुणलं आणि हिशोब तिथंच सोडला. भाडं घेतलं जातं एवढंच त्याला माहीत, ते द्यावंही लागतं हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. अख्ख्या नावड्यात झालं की गोटीरामशेठचा पोरगा महिना अकरा हजार कमावणार. विमलबाईंनी हातातल्या पाटल्या मोडल्या, दिपेशनं मोटरसायकल विकली आणि एजंटचे पैसे उभे राहिले.

सही करायच्या आदल्या रविवारी तो भाड्यासाठी आला. नेहमीसारखा दारातून गेला नाही, उंबऱ्यावर बसला. राजेश्वरीनं चहा दिला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "दादा, एक विचारू? बाराशेत भागंल ना तिथं? तू भाड्यानी राहतोस, तुला यातलं कळतं. मना काय म्हाईत नाय."

कृष्णातचे सगळे आकडे माझ्या जिभेवर होते. बोललो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. पण त्याच वेळी मी त्याच्या हातात साडेचारशे रुपये ठेवले होते आणि त्यानं ते न मोजता शेंगदाण्यासारखे खिशात कोंबले. चार दिवसांचा ओव्हरटाइम होता माझा तो. मनात आलं, एकदा कळू दे ह्याला. एकदा भरू दे भाडं.

"भागंल की," मी म्हणालो. "भागून उरंल."

तो खुश होऊन गेला. राजेश्वरी स्टोव्हपुढून माझ्याकडं बघतच राहिली. त्याला खरं का नाही सांगितलं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मालकाच्या पोराला भाडेकरूनं काय अक्कल शिकवायची? त्या दिवशी माझ्या ताटात भाजी तिनं आदळूनच वाढली.

तो निघाला तेव्हा सहार विमानतळावर पोचवायला दोन जीप भरून माणसं गेली. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, बँजो वाजवायचा तेवढा राहिला होता. मला माहीत होतं की पोरगं खड्ड्यात चाललंय, तरी मी जळत होतो. हे कसं सांगावं कळत नाही. दोन महिन्यांनी फोटो आला, काळा गॉगल, मागं पांढरी गाडी. गाडी त्याची नाही, रस्त्यावरची आहे, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी विमलबाईंनी तो फोटो आमच्या दारात आणून दाखवला आणि मला रात्री जेवण गेलं नाही.

पैशाचा ड्राफ्ट मात्र येईना. विमलबाई सांगायच्या, एकदम आणणार आहे. गाव म्हणायचं, तिकडंच साठवतोय, हुशार आहे. मी मान हलवायचो. पुढं दिवाळी गेली, शिमगा गेला आणि विमलबाईंनी फोटो दाखवायचं बंद केलं.

मग एका संध्याकाळी गोटीरामशेठ स्वतः माझ्या खोलीवर आले. सहा वर्षांत त्यांनी माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता. राजेश्वरीनं लगबगीनं चटई टाकली. दिपेशचा नाक्यावरच्या टेलिफोन बूथवर फोन आला होता. तिकडं त्याला चूल पेटवता येईना म्हणून तो हॉटेलात खात राहिला, चांगली कॉट म्हणून साडेचारशेची घेतली, आणि चार महिन्यांत उधारी झाली. आता कॉट सुटली होती. इमारतीच्या गच्चीवर झोपत होता. काँट्रॅक्ट मोडून यायचं तर तिकीट स्वतःचं आणि व्हिसाचे पैसेही भरून द्यायचे. एवढं सांगून शेठ चटईवर पुढं सरकले.

"धनाजी, तूच सांग. तिथं मानसाला जगायला लागतं तरी किती?"

मी सांगितलं. कॉट तीनशे, मेस तीनशे, बस शंभर, व्हिसाची कपात दीडशे, वरखर्च शंभर. पाढा म्हटल्यासारखं बोलून गेलो, आणि बोलून झाल्यावर जीभ चावली.

गोटीरामशेठनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, मी त्याला जाऊ देत नव्हतो. तो बोलला, बाबा, मी धनाजीदादाला विचारून आलोय. तो पैशापैशाला जपनारा मानूस, तो चुकायचा नाय. म्हणून मी हो म्हटलं.



"हे तुला आता कळलं," त्यांनी विचारलं, "का तवाच म्हाईत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. राजेश्वरी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यासमोर ते जमेना.

"तवाच," मी म्हणालो.

मला वाटलं शिव्या घालतील, खोली खाली कर म्हणतील. ती तयारी मी करून बसलो होतो. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, चपला शोधल्या, घातल्या. दारात थांबून एवढंच म्हणाले, "माझा पोर तुला दादा म्हनतो रं." मग सांगितलं की आठ नंबरची खोली उद्याच विकतोय, पोराला घेऊन येतो.

ते गेल्यावर राजेश्वरीनं दिवा लावला आणि पाठ फिरवून तांदूळ निवडत बसली. मी तिथंच चटईवर. लाज वाटत होती, नाही असं नाही, मान वर होत नव्हती. पण त्या लाजेच्या खाली जुनं दुखणं ठसठसतच होतं. तुर्भ्याच्या पहिल्या खोलीतून मी बापाला लिहिलं होतं की भाडं देऊन संध्याकाळचं जेवण जमत नाही, परत येऊ का. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, तिथंच काय ते बघ, इकडं येऊ नकोस. आणि इथं पोराला परत आणायला बाप बांधलेली खोली विकत होता. एवढं सगळं करूनही मला त्या पोराचा हेवाच वाटत होता.