कूलर हुंगणारा माणूस

आमच्या बेंबळी गावात कूलर दुरुस्त करणारा हा माणूस घरात आला की आधी पक्कड काढत नाही, नाक पुढं करतो. कूलर तिन्ही बाजूंनी हुंगतो आणि चोर सापडल्यासारखे त्याचे डोळे चमकतात. बोलणं ‘व्हय का न्हाय’वर संपवतो, पण उत्तरासाठी कधी थांबत नाही.

यंदा एप्रिलमध्ये माझं नाक चोंदलं, घसा बसला. वर्गात आवाज फुटेना. मी बर्फाला दोष दिला, धुळीला दिला, गोळ्याही खाल्ल्या. तो आला होता कूलरचा पंप बघायला, पण माझा आवाज ऐकून पंपच विसरला.

"बाई, कूलरची टाकी कधी धुतली?"

टँकर आठवड्यानं येतो, म्हणून आम्ही जुन्या पाण्यातच नवं ओतत होतो. त्यानं कूलरचं काळं पडलेलं गवत उपसून माझ्यासमोर धरलं. "ही कुबट हवा दिवसरात नाकात जाती, वर खिडक्या बंद. घसा बसणारच, व्हय का न्हाय?"

मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं टाकी लिंबाच्या बुडाशी रिकामी केली आणि निघून गेला. अर्ध्या तासानं मोटारसायकलला दोन कॅन बांधून आला. स्वतःच्या घरचं पाणी होतं. एका कॅननं टाकी घासून धुतली, दुसरा तिच्यात ओतला, नवं गवत बसवलं.

"पाणी जाईल म्हणून कुणीच धूत न्हाय, ठाव हाय मला."

आठ दिवसांनी तो पुन्हा दारात उभा. कूलरकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाई, मला हाक मारा बघू."

मी अशी हाक मारली की गल्लीतली माणसं वळून बघायला लागली.

"मोकळा झाला घसा, व्हय का न्हाय?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबला.