पाचवीआधीचं नाव
बारशाच्या घुगऱ्यांचा वास आला की मी पानावरून उठतो. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती, मी सावली गावाकडच्या एका दवाखान्यात रोग्यांच्या चिठ्ठ्या लिहायचो. एका दुपारी बैलबंडीतून उतरून एक म्हातारी सुपात तीन दिवसांचा नातू घेऊन आली. त्याचे ओठ निळे पडले होते. मी बाळाचं नाव विचारलं. "पाचवी नाई झाली बाबू, आता नाव घेतलं त सटवाई लेकरू नेते." "नावाशिवाय चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठीशिवाय डॉक्टर नाही," म्हणून मी पुढच्या माणसाला बोलावलं. डॉक्टर भिंतीपलीकडेच बसले होते. म्हातारी हात जोडून उभी राहिली. तासाभराने तिची बाळंतीण सून, बंडीत पडून होती ती, भिंत धरत आली, सुपात पाहिलं आणि तिने एक नाव सांगितलं. मी ते वळणदार अक्षरात लिहिलं. डॉक्टरांनी बाळावरचं फडकं उचललं, छातीला नळी लावली आणि फडकं तोंडावर ओढलं. "तुनं नाव काऊन घेतलं वं?" म्हातारी सुनेला एवढंच म्हणाली. सून खाली बसली. मी टाक पुसत राहिलो. लेकरू आपल्या जिभेनं गेलं, असंच ती सून आजवर समजत असेल. ते माझ्यामुळे गेलं, हे सांगायला मी कधी गेलो नाही. चिठ्ठीवर तिच्या गावाचं नाव मीच लिहिलं होतं.