सर्व्हर चालू होता

हे मी अजून कुणासमोर बोललेलो नाही. आईसमोर नाही, कंपनीत रोज सोबत जेवणाऱ्या माणसांसमोर तर नाहीच. बोलायला घेतलं की मी पवार सरांपासून सुरुवात करतो — म्हणजे लगेच स्वतःपासून लांब पळतो. तरी तिथूनच करू दे.

पवार सर आमच्या तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायचे. माझा इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलंही नव्हतं. सर माझ्यासोबत एसटीने आले, रांगेत उभे राहिले, फी भरली. परत कधी देणार, हे विचारलंसुद्धा नाही. मी ही गोष्ट माझ्या मुलीला, प्रज्ञाला, इतक्यांदा सांगितली की ती मधेच म्हणायची, "हो पप्पा, आणि येताना सरांनी भजी खाऊ घातली."

प्रज्ञा हुशार आहे. बाप म्हणून बोलत नाही — तिच्या गणिताच्या बाईच म्हणायच्या की आता हिला शिकवायला माझ्याकडे काही उरलं नाही. बारावीनंतर तिला परराज्यातल्या एका मोठ्या विज्ञान संस्थेत जागा मिळाली. आणि त्याच वर्षी ज्योतीचा आणि माझा घटस्फोट चालू होता. मायलेकी पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये, मी निघोज्याला भाड्याच्या खोलीत. शिक्षणाचा खर्च कुणी करायचा, यावर तारखेमागून तारीख पडत होती.

माझे वकील म्हणाले होते, "साहेब, आदेश निघेपर्यंत भरू नका. एकदा भरलंत की सगळी वर्षं तुमच्याच गळ्यात." पण वकिलांचं नाव कशाला घेऊ? ऐकलं ते मीच.

फी भरून जागा पक्की करायची शेवटची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचची होती. दुपारी ज्योतीचा फोन आला. "अहो, आता भरून टाका. माझा वाटा मी मागाहून देते. लिहून हवं तर लिहून देते."

किती सरळ बोलली ती. आणि मला काय वाटलं? — हा डाव आहे. मी म्हणालो, "तूच भर की."

"माझ्याकडे असते तर तुम्हाला फोन केला असता का?"

तिच्याकडे नाहीत हे मला ठाऊक होतं. माझ्या खात्यात होते. हेच ते, जे मला सांगता येत नव्हतं. पैसे होते. पहिली शिफ्ट सुटल्यावर मी कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर बसलो, मोबाइल हातात घेऊन. ज्योती शेवटी कुणाकडून तरी आणेल, दागिने मोडेल, वाकेल — याची वाट बघत. मला ती वाकलेली बघायची होती. मधे प्रज्ञाचा फोन आला. "करतोय," म्हणालो. टपरीवाल्याने न विचारता आणखी एक चहा ठेवला. पाच वाजून गेले.

मग प्रज्ञाचा पुन्हा फोन. "सर्व्हर डाऊन होता गं," मी म्हणालो, "दुपारपासून प्रयत्न करतोय." इतकं सहज कसं आलं तोंडातून?

ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही जेवलात का?"

ती बँकेकडे तक्रार करणार होती. राहू दे म्हणालो. तिला वाटलं, बाप खेड्यातला, साहेबलोकांना घाबरतो. ज्योतीला खरं कळलं असेल? कळलंच असेल. तिने मुलीला का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही.

आता घटस्फोट झाला आहे. प्रज्ञा आकुर्डीच्या कॉलेजात शिकते. आदेशाप्रमाणे माझा अर्धा वाटा मी वेळेवर भरतो — अगदी वेळेवर. ती जागा गेल्यावर पुन्हा प्रवेशपरीक्षा दे, म्हणालो होतो. म्हणाली, "नको. तुमची दोघांची आणखी एक तारीख नको."

परवा तिला न्यायला कॉलेजवर गेलो. तिने मैत्रिणीला ओळख करून दिली, "हे माझे पप्पा. खूप साधे आहेत. यांना बँकवाल्यांशीसुद्धा भांडता येत नाही."

मैत्रीण हसली. मीही हसलो. प्रज्ञा मागे बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी गाडी चालू केली.