आक्काला देव्हारे चालत नसत

आक्का कुणालाही पाया पडू द्यायची नाही. एखादी नवी सून वाकली की पाय मागं घ्यायची आणि खेकसायची, "उठ गं, देव्हारं माजवू नगंस!" निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आम्ही दोघी शेजारी चाळायला बसायचो. नात्यानं माझी कुणी नव्हती, पण सख्ख्या बहिणीहून जवळची होती.

हे 'देव्हारे माजवणे' सदा तिच्या तोंडी. देवाची पूजा म्हणजे देव्हारे नव्हेत. तिच्या घरीही रोज दिवा लागे. पण शेजारीण सगळं दूध लेकाला पाजून पोरींपुढं ताक ठेवू लागली, की आक्का दारातूनच ओरडे, "लेकाचं लई देव्हारं माजवलंयस! पोरी काय वाऱ्यावर वाढत्यात व्हय गं?" एकाला डोक्यावर बसवायचं आणि त्यापायी दुसऱ्याच्या तोंडचं काढायचं, याचा तिला भयंकर राग.

खंडेनवमीला आम्ही आपापल्या चाळणी धुऊन त्यांना हळदकुंकू वाहायचो. स्वातंत्र्याच्या थोडं आधी एका वर्षी मुकादमानं मालकाचा फोटो हार घालून मांडला आणि म्हणाला, "आधी मालकांची आरती, मग चाळणी. जी करणार न्हाय तिनं उद्यापास्नं यायचं न्हाय."

आक्काच्या घरी तिच्याशिवाय कमावतं कुणी नव्हतं. तरी ती पदर खोचून उभी राहिली.

"मालकाला रामराम घालीन, आरती करणार न्हाय. एकदा त्यो देव झाला की मजुरी वाढवून कुणाकडं मागायची रं?"

"मग हो बाहेर!"

ती निघाली. मुकादमानं माझ्याकडं दिलेलं आरतीचं ताट मी त्याच्याच हातात कोंबलं आणि तिच्यामागं चालू लागले. बघता बघता सगळी रांग उठली. वखारीत पोती तशीच पडून राहिली. शेवटी फोटो खाली उतरला आणि आक्कासकट आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. त्या दिवशी बाया तिला ओवाळायला निघाल्या, तर तिनं शिव्या घालून पळवून लावलं!

पुढं नाकातोंडात जाणाऱ्या तंबाखूच्या खकाण्यानं तिची छाती धरली, त्यातच ती गेली. मी खूप रडले. तिचे दिवस झाल्यावर वखारीत गेले, तर बायांनी तिची चाळण कोनाड्यात ठेवून तिला कुंकू लावलेलं, फुलं वाहिलेली. तिच्या जागी बसायला कुणी धजेना.

मी चाळण खाली घेतली, फुलं झटकली.

"अगं, पाप लागंल!" एकजण किंचाळली.

"लागू दे," म्हटलं, आणि आक्काच्या जागी बसून चाळायला लागले.