कार्डावर राहून गेलेलं नाव

मंडळी, आज दुपारी आपल्या वाशीमच्या रेडिओवर माझा फोन लागला. निवेदक पोरगी म्हणाली, "गाणं लावते काका. सोबत कोण कोण ऐकून राह्यलं?"

मला एकदम आमचं गाव शेलूबाजार आठवलं. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत रेडिओ एकच, आमच्या घरी. फर्माइशीचं पोस्टकार्ड मी लिहायचो, कारण अक्षर माझं बरं. सगळे डोक्यावर उभे राहून सांगायचे, "माह्यं टाक, बायकोचं टाक, तान्ह्या पोरीचंही टाक."

एकदा एका कार्डावर मी तेवीस नावं बसवली. महिन्याभरानं ती रेडिओवर वाचली, तेव्हा अख्खी गल्ली आमच्या ओसरीवर होती. नावं संपून गाणं लागलं, पण ते कोण ऐकतो? तेवढ्यात थोरला भाऊ म्हणाला, "अबे, तुह्यं नाव कुठी हाय?"

माझंच लिहायचं राहिलं होतं. सगळे पोट धरून हसले.

आज ती पोरगी फोनवर थांबली होती. तेवीसच्या तेवीस नावं आठवली, पण त्यातले कितीक गेले, उरलेले पांगले; सोबत ऐकणारं आता कोणीच नाही.

"माह्यं एकट्याचं घे," म्हटलं.

तिनं ते वाचलं. घरात मी एकट्यानंच ऐकलं.

तुमच्यापैकी कोणी लावला होता का रेडिओ?